बाळाचा ओठ दुभंगलेला आहे हे आधीच कळलं: आता तयारी कशाची करायची?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पहिलं बाळंतपण. विसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला दुभंगलेला दिसला. टाळूबद्दल रिपोर्टात ‘नीट पाहता आली नाही’ एवढंच आहे, बाकी अवयव ठीक. सासूबाई म्हणतात, चौथ्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा तू भाजी चिरलीस. सासऱ्यांना बारशाच्या आत ऑपरेशन उरकून हवंय. बाळंतपणाला माहेरी तालुक्याच्या गावी जायचं की शहरातच राहायचं, हे ठरत नाहीये. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत विचारलंय, मला त्याला पाजता येईल का?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नवजात बाळांच्या विभागात बरीच वर्षं काम करते. माझ्या मते तुमचा शेवटचा प्रश्न पहिल्या नंबरवर यायला हवा. घरात सगळी चर्चा चेहऱ्याची चाललेली असते: व्रण राहील का, नाक वाकडं दिसेल का, मुलगी असेल तर लग्नाचं काय. बाळ अजून पोटात आहे आणि लोक लग्नापर्यंत पोचलेत! पण पहिल्या तीन महिन्यांत अशी बाळं आमच्याकडे परत दाखल होतात ती दूध पोटात न गेल्यामुळे. ओठ शिवणं सर्जनचं काम, आणि ते काम आज आपल्याकडे उत्तम होतं. शिवण्याजोगं वजन होईपर्यंत बाळाला भरवणं मात्र घरच्यांचं काम आहे, आणि त्याची तयारी पोटात असतानाच करता येते. आधी कळल्याचा खरा फायदा हाच.

आधी ग्रहणाचा विषय संपवू. ओठाचे दोन्ही भाग पुढे येऊन मधे जुळतात ते अगदी सुरुवातीला. पाळी चुकून महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच ओठ जुळून झालेला असतो, आणि टाळू साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. चौथ्या महिन्यात तुम्ही भाजी चिरा नाहीतर लाकूड तोडा, जुळलेला ओठ उकलत नाही. साधारण ७०० ते १००० जन्मांमागे एका बाळात हे आढळतं, आणि ज्या देशांत ग्रहण कुणी पाळत नाही तिथेही आढळतं. कारणं बहुतेक वेळा मिश्र असतात, थोडं अनुवंशिक, थोडं परिस्थितीचं. फिटची काही औषधं, गरोदरपणाच्या आधीपासूनचा अनियंत्रित मधुमेह, तंबाखू आणि धूम्रपान यांनी शक्यता वाढते. बऱ्याच घरांत मात्र यातलं काहीच नसतं. सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत घरोघरी फरक पडतो, तो कधी कधी आपल्या कामाला येतो.

एक गोष्ट आजच घरी करा. तुम्ही आणि तुमचे यजमान उजेडात उभं राहून एकमेकांचा खालचा ओठ नीट बघा. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढे बारीक खळगे आहेत का? असतील तर डॉक्टरांना सांगा. एका अनुवंशिक प्रकारात आई किंवा वडलांच्या खालच्या ओठावर एवढीच खूण असते, आणि पुढच्या प्रत्येक बाळात तो प्रकार उतरण्याची शक्यता निम्मी असते. असं काही नसेल आणि दोन्ही घराण्यांत आधी कुणाला नसेल, तर पुढच्या बाळाची शक्यता शेकडा दोन ते पाचच्या घरात राहते.

आता स्कॅनबद्दल. ओठ सोनोग्राफीत चांगला दिसतो, कारण तो समोर असतो. टाळू म्हणजे तोंडातलं छत, ते हाडांच्या सावलीत लपतं. त्यामुळे ‘टाळू दिसली नाही’ याचा अर्थ फाटलेली आहे असाही नाही आणि शाबूत आहे असाही नाही. ते बाळ जन्मल्यावर, चांगल्या टॉर्चच्या उजेडात, जीभ खाली दाबून मागच्या पडजिभेपर्यंत पाहिल्यावरच नक्की कळतं. नुसतं बोट फिरवून ‘टाळू ठीक आहे’ म्हणणं पुरेसं नाही, मागच्या मऊ टाळूतली फट बोटाला चुकते. तुमच्या डिलिव्हरीच्या कागदांवर आत्ताच लिहून ठेवायला सांगा: ‘जन्मल्यावर टाळू प्रत्यक्ष पाहावी.’

फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, झाला नसेल तर करून घ्या, कारण ओठाबरोबर कधी कधी हृदयातही दोष सापडतो. गर्भजलाची तपासणी करायची का, हे स्कॅनमध्ये आणखी काही सापडलंय का यावर ठरतं. एकट्या ओठासाठी ती करावीच असं नाही, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. ‘ठेवायचं का?’ असं कुणी विचारलं असेल, तर उत्तर देण्याआधी एकदा क्लेफ्टची, म्हणजे दुभंगलेल्या ओठ-टाळूची, ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या प्लास्टिक सर्जनना भेटा आणि त्यांच्याकडचे आधीचे-नंतरचे फोटो बघा. निर्णय तुमचा आहे, पण तो ऐकीव भीतीवर व्हायला नको.

आता पाजण्याचं. इथे दोन वाटा आहेत.

फट फक्त ओठात असेल, तर बहुतेक बाळं अंगावर पितात. स्तनाचा मऊ भाग ती फट आपोआप भरतो. बाळाला थोडं उभट धरायचं, फटीची बाजू स्तनाकडे दाबलेली राहील असं बघायचं, हवा शिरतेय असं वाटलं तर आपल्या अंगठ्याने ओठाची कड हलकेच जुळवून धरायची. पहिले दोन दिवस खटपट होते, मग आईला आणि बाळाला आपापला कोन सापडतो.

टाळूतही फट असेल तर गोष्ट वेगळी. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून बघा, गाल दुखतील पण रस वर येणार नाही. बाळाचं तसंच होतं. तोंड आणि नाक आतून एक झालेलं असतं, त्यामुळे ओढ तयार होत नाही. बाळ स्तनाला लागतं, जोरात चोखतं, जिभेचा टक्-टक् आवाज येतो, दहा मिनिटांत दमून झोपतं. आईला वाटतं पोट भरलं, प्रत्यक्षात दोन-चार चमचेही गेलेले नसतात. हे सगळ्यात फसवं आहे. अशी शांत झोपणारी, गुणी म्हणून कौतुक झालेली बाळं आठव्या-दहाव्या दिवशी सुकून, पिवळी पडून आमच्याकडे येतात.

म्हणून टाळूत फट असेल तर पहिल्या दिवसापासून दूध काढून पाजायचं. आणि कशाने पाजायचं, याचं एक उत्तर कदाचित तुमच्या माहेरच्या फडताळात असेल: बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी. दवाखान्यात आम्ही त्याला पलाडाय म्हणतो, चीज तीच. फक्त आजीचं नक्षीचं चांदीचं नको, त्याच्या सांध्यात दूध अडकतं. साधं, बिनसांध्याचं, गुळगुळीत स्टीलचं घ्या, दर वेळी धुऊन उकळता येईल असं. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, डोकं आपल्या कोपराच्या खोबणीत. बोंडल्याची चोच तोंडाच्या कोपऱ्यात, ज्या बाजूला फट नाही तिकडे, हिरडी आणि गालाच्या मधे टेकवायची. थोडं दूध सोडायचं, थांबायचं. गिळल्याचा आवाज ऐकायचा, मग पुढचं. घाईने ओतलं तर ठसका लागणार. दर थोड्या वेळाने खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, कारण ही बाळं दुधाबरोबर हवाही बरीच गिळतात.

दुसरा पर्याय दाबता येणाऱ्या मऊ बाटलीचा, किंवा क्लेफ्टच्या बाळांसाठी मिळणाऱ्या एकतर्फी व्हॉल्व्हच्या निपलचा. यात बाळ नुसतं चावल्यासारखं दाबलं तरी दूध येतं. महाग असतात, पण काही आयांना बोंडल्यापेक्षा हे पटकन जमतं आणि बाळाची चोखण्याची हौसही भागते. साध्या बाटलीच्या निपलला गरम सुईने मोठं भोक पाडण्याचा सल्ला हमखास मिळेल, तो घेऊ नका. धार आपल्या हातात राहत नाही आणि दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती वाढते.

पाजताना दूध नाकातून येईल. पहिल्यांदा बघताना आईच्या पोटात गोळा येतो. बाळ शिंकतं, डोळ्यांत पाणी येतं, नाकपुडीतून दुधाचा थेंब ओघळतो. नाक-तोंड आतून जोडलेलं आहे म्हणून तो मागच्या दाराने बाहेर आला, बस. पाजणं क्षणभर थांबवायचं, मऊ सुती फडक्याने टिपायचं, बाळाला आणखी थोडं उभं धरायचं. बाळ निळसर पडलं, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली गेली किंवा प्रत्येक वेळी खोकला लागला, तर मात्र घरी प्रयोग नकोत, थेट दवाखाना.

दूध काढण्याचं कष्टाचं काम तुमच्या वाट्याला येणार, ते गोड करून सांगत नाही. दिवसाकाठी आठ वेळा तरी, रात्रीचं धरून. पंप भाड्याने मिळाला तर बघा, पण हाताने दूध काढायला सिस्टरकडून शिकून घ्याच, लोडशेडिंगमध्ये हातच उपयोगी पडतो. काढलेलं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस चालतं. आईचंच दूध का, तर या बाळांच्या कानात पाणी साचतं, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि नाकात गेलेलं आईचं दूध पावडरच्या दुधाइतकं झोंबत नाही. दूध कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून वरचं द्यायलाही कमीपणा मानू नका. बाळ वाढणं महत्त्वाचं. आणि पोट भरल्यावर पाच मिनिटं उगाच छातीशी लावा, दूध आलं नाही तरी. ते तुमचं आणि बाळाचं आहे, त्यात ग्रॅमचा हिशेब नको.

बाकी वेळी मात्र ग्रॅमचाच हिशेब. आकडे एकदा कागदावर लिहून फ्रिजला लावा. जन्मानंतरच्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नये. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यावं. पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं. पहिल्या आठवड्यानंतर दूध दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली, म्हणजे २.८ किलोच्या बाळाला सव्वाचारशेच्या आसपास, आठ वेळा दिलं तर एका वेळी पन्नासेक मिली. एक पाजणं अर्ध्या तासात संपावं. त्याहून लांबलं तर बाळ जेवढं पितं तेवढं त्या कष्टातच खर्च करतं. लघवी दिवसाला सहा वेळा तरी. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून. गावात असाल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडे काटा असतो. मधल्या दिवसांत अंगणवाडीचा काटा आहे.

हे वजन इतकं का धरून बसले आहे, ते ऑपरेशनच्या तारखेवरून कळेल. ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन जुना दहाचा नियम वापरतात: वय निदान दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. २.८ किलोचं बाळ रोज २५ ग्रॅमने वाढलं तर तीन महिन्यांच्या सुमारास साडेचार किलो पार करतं. रोज १२ ग्रॅमने वाढलं तर त्यालाच पाच महिने लागतात. हिमोग्लोबिनचं तर गणित आणखी गमतीचं. दोन-तीन महिन्यांच्या निरोगी बाळाचंही ते त्या वयात सगळ्यात खाली आलेलं असतं. म्हणून तुमचं रक्त आत्ता चांगलं असू दे, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता थोडं थांबता येईल का, हेही विचारून ठेवा.

सासऱ्यांना म्हणूनच सांगा की बाराव्या दिवशी ऑपरेशन नको. तेव्हा ओठाचे पापुद्रे इवलेसे असतात, भूल देण्याचा धोका जास्त असतो, आणि हृदयाचा एखादा दोष तोवर लक्षातही आलेला नसतो. काही केंद्रं फार लवकर करतात, पण बहुतेक ठिकाणी ओठ तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत शिवतात. टाळूला उशीर करू नये, कारण मूल शब्द बोलायला लागायच्या आत छत बंद झालेलं बरं, नाहीतर आवाज नाकातून जाण्याची सवय पडते. पुढे स्पीच थेरपी, आणि हिरडीतही फट असेल तर सुळ्याचा दात यायच्या आधी, आठ-दहा वर्षांच्या सुमारास, तिथे हाड भरतात. टाळू फाटलेली असेल तर कानांकडे विशेष लक्ष: पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं. जन्मानंतरची ऐकण्याची चाचणी आणि पुढच्या तपासण्या चुकवू नका.

काही सर्जन पहिल्या आठवड्यांत टाळूला प्लेट बसवून, टेपने ओठ ओढून फट कमी करायला सांगतात. परिणाम चांगला येतो, पण दर आठवड्याला दाताच्या डॉक्टरकडे जावं लागतं. एसटीने तीन तास जाऊन तीन तास यायचं असेल आणि त्या नादात बाळाचं पाजणं विस्कटणार असेल, तर सर्जनना तसं स्पष्ट सांगा. प्लेटशिवायही ऑपरेशन होतं.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण ते डोक्यात असतंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात दुभंगलेला ओठ-टाळू येतं. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा, तिथून पुढे पाठवतात. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं. आणि ज्या रुग्णालयात जाल तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनांच्या मदतनिसाला, कोणती योजना लागू पडते ते विचारा. ही चौकशी आत्ता करा, बाळंतिणीच्या खोलीतून फोनवर ती होत नाही.

माहेरी जायचं का? इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. जन्मल्यावर फट फक्त ओठात आहे असं दिसलं, बाळ पूर्ण दिवसांचं असेल आणि माहेरच्या गावात बाळ तपासणारा डॉक्टर असेल, तर खुशाल जा. तिथे आईच्या हातचं खाणं आणि झोप मिळेल. टाळूची शंका असेपर्यंत मात्र डिलिव्हरी अशा ठिकाणी करा जिथे नवजात विभाग आहे, आणि बोंडल्याने किंवा बाटलीने पाजणं तुम्हाला स्वतःला जमेपर्यंत तिथून घरी जाऊ नका. तुमच्याबरोबर आणखी एकाला तरी ते शिकवून घ्या. यजमानांना शिकवलंत तर सगळ्यात उत्तम, रात्रीची एक पाळी त्यांच्याकडे जाते. तिसाव्या आठवड्याच्या आसपासच्या स्कॅनमध्ये बाळाची हनुवटी आणि गर्भजल मुद्दाम बघायला सांगा. हनुवटी फार लहान असली तर जीभ मागे पडून जन्मतःच श्वास अडू शकतो. अशा बाळाला उताणं न ठेवता कुशीवर किंवा पालथं ठेवून डॉक्टरांच्या नजरेखाली सांभाळावं लागतं, आणि ते काम मोठ्या रुग्णालयाचं आहे, तिथे माहेरचा विषय नको.

माहेरी गेलात तर मालिशवाल्या बाईंना आधीच सांगून ठेवा: नाकात तेल नको, नाक सरळ करायला ओढायचं नाही, तोंडात बोट घालून टाळू चेपायची नाही. घुटी, मध, धुरी, तिन्ही बंद. आजीला वाईट वाटेल, तिला बोंडल्याचं काम द्या. आमच्याकडे पाहिलंय, आयांपेक्षा आज्यांचा हात त्यात जास्त स्थिर असतो.

बारसं बाराव्या दिवशीच करा, चारचौघांना बोलावून. लोक बघतील, विचारतील. ‘ओठ जन्मतः जुळलेला नाही, तीन-चार महिन्यांत ऑपरेशन आहे’ एवढं एक वाक्य तुम्ही दोघांनी आणि सासू-सासऱ्यांनीही सारखंच बोलायचं असं आधी ठरवून ठेवा, म्हणजे प्रत्येकाला नवी गोष्ट सांगत बसावी लागत नाही. फोटोही काढा. ऑपरेशननंतर पहिल्या चेहऱ्याचा एकही फोटो नाही म्हणून हळहळणारे आई-बाप मला नेहमी भेटतात.

तिसाव्या आठवड्याचा स्कॅन झाला की रिपोर्टातल्या हनुवटी आणि गर्भजलाच्या ओळी, फीटल इकोचा निष्कर्ष आणि माहेरचं गाव जवळच्या नवजात विभागापासून किती लांब आहे ते कळवा. माहेर की शहर हे त्यावरून पक्कं सांगता येईल.